पात्र उचलणाऱ्या यंत्रणेला नेपथ्यात मोजू नका : नाट्यनिर्माते आणि नाट्यगृह व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
नाट्यनिर्माते, नाट्यगृहांचे व्यवस्थापक, तसेच एकांकिका, बालनाट्य आणि महानाट्यांचे संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

धुराच्या लोटातून देवी हळूहळू वर येते, बालनाट्यातला राक्षस जमीन फोडून उभा राहतो, महानाट्यात सिंहासनासकट राजा प्रकट होतो. अशा क्षणांना आजही टाळी पडते आणि पडायलाच हवी. हे प्रसंग बंद करा असे सांगायला हे पत्र लिहिलेले नाही. ते वर्षानुवर्षे, प्रत्येक प्रयोगात, कोणाचेही बोट न चेमटता व्हावेत म्हणून लिहिले आहे.

आज बहुतेक ठिकाणी अशा दृश्याची यंत्रणा नेपथ्याच्या खर्चात धरली जाते, फ्लॅट (रंगवलेल्या भिंतींच्या चौकटी) आणि लेव्हल (लाकडी चौथरे) यांच्यासोबत त्याच ट्रकमधून येते, तीच माणसे त्याच घाईत ती लावतात आणि ती तपासायची म्हणून वेगळी वेळ कोणी ठेवत नाही. फ्लॅट वाकडा लागला तर दृश्य वाईट दिसते. पाळणा, म्हणजे पात्राला वरखाली नेणारी फळी, वाकडा लागला तर माणूस जखमी होतो. या दोन गोष्टी एका यादीत बसत नाहीत. आमचे मागणे एवढेच आहे की माणूस उचलणाऱ्या यंत्रणेला स्वतःचा जबाबदार माणूस, स्वतःची वेळ आणि ‘आज हा प्रसंग करायचा नाही’ असे सांगण्याचा अधिकार मिळावा. का, ते सविस्तर मांडतो.

आपल्याकडच्या बऱ्याच नाट्यगृहांत रंगमंचाच्या फळीखाली उघडणारा कायमचा ट्रॅप, म्हणजे पात्राला खालून वर यायचे झाकणाचे भोक, नसतो. असलाच तर त्याखाली जुने सामान, खुर्च्या आणि वायरींची भेंडोळी असतात. म्हणून दौऱ्यावरचे नाटक आपला ट्रॅप बरोबर घेऊन फिरते. साधारण ४ फुटांच्या लेव्हल जोडून वरचा मजला करायचा, त्यात भोक ठेवायचे आणि खाली बसलेले पात्र पाळण्यावरून वर आणायचे. उंची ४ फूट, म्हणजे जेमतेम १२० सेंटीमीटर, त्यामुळे कोणी ती मनावर घेत नाही. पण इथला मुख्य धोका उंचीवरून पडण्याचा नाहीच. तो चेमटण्याचा आहे. वर सरकणारी फळी आणि स्थिर मजल्याची कड यांच्यामध्ये पायाचे बोट, कोपर, शेल्याचे टोक यांपैकी काहीही सापडले तर यंत्राला ते कळत नाही, ते ओढतच राहते. २००७ च्या मे महिन्यात लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये एका भव्य संगीतिकेच्या पूर्वप्रयोगात रंगमंचाच्या हलत्या भागात कलाकाराचा पाय अडकला आणि प्रयोग तिथेच थांबवावा लागला. जगातल्या सर्वांत अनुभवी नाट्यगृहांपैकी एक, सगळी यंत्रणा आधुनिक, तरीही हे घडले.

यावरचा उपाय सुतारकामाचा आहे आणि स्वस्त आहे. भोकाच्या चारही बाजूंना, वरच्या कडेपासून खाली पाळण्याच्या सर्वांत खालच्या जागेपर्यंत, प्लायवुडची सपाट अस्तरभिंत लावायची. वरच्या चौकटीची लाकडी पट्टी, लेव्हलचा अँगल, बोल्टचे डोके यांतले काहीही आत डोकावता कामा नये. पायाचे बोट अडकते ते बहुतेक अशाच आत आलेल्या पट्टीखाली. भिंत सपाट असेल तर बोट घासेल, पण कापले जाणार नाही. पाळण्याची कड आणि भिंत यांत ८ ते १० मिलिमीटरची फट पुरते. त्याहून जास्त ठेवली तर चपलेची टाच किंवा नऊवारीचा काठ शिरतो, कमी ठेवली तर दमट हवेत प्लाय फुगून पाळणा घासू लागतो. कोकणात पावसाळी दौरा असेल तर हे ध्यानात ठेवाच. पाळण्यावर कडेपासून १० सेंटीमीटर आत पिवळी चौकट रंगवून पावलांच्या जागा आखायच्या. कोपरे अंगाशी, हात छातीशी किंवा मांडीवर, आणि शेला, उपरणे, सोगा, लांब वेणी हे सगळे पुढे घेऊन धरलेले. ही मुद्रा दिग्दर्शकाने सुरुवातीपासून बसवून घ्यावी. रंगीत तालमीत ऐनवेळी ‘हात जरा पसरून ये’ असे सांगितले की इतक्या दिवसांची सवय मोडते.

पात्र बसलेले असेल तर फारच उत्तम. सिंहासन पाळण्याला बोल्टने जखडलेले, हात सिंहासनाच्या हातांवर ठेवलेले, भार मध्यावर. उभा माणूस धक्क्याने पाऊल टाकतो, बसलेला टाकत नाही. बालनाट्यात मुलाला उभे करून वर आणण्यापेक्षा दगडावर, कमळात किंवा झोपडीच्या ओट्यावर बसवून आणा. दृश्याचे काही बिघडत नाही.

धोक्याची दुसरी जागा डोक्याची. भोकावर झाकण असते, ते आधी उघडते आणि मग पाळणा निघतो. क्रम उलटला तर मुकुटासकट मान दाबली जाते. हा क्रम माणसाच्या आठवणीवर सोडू नका. झाकण पूर्ण उघडल्यावरच दाबला जाणारा एक लिमिट स्विच लावायचा आणि मोटारीचा ‘वर’चा प्रवाह त्याच्यामधूनच न्यायचा. स्विच बाजारात काहीशे रुपयांना मिळतो. यंत्रणा हाताने ओढायची असेल तर झाकणाला जोडलेली एक लोखंडी जीभ पाळण्याच्या वाटेत ठेवायची. झाकण सरकले की जीभ बाजूला होते, एरवी पाळणा वर जाऊच शकत नाही. झाकण बाजूला सरकणारे असावे. वर उघडणारे झाकण प्रेक्षकांना दिसते, शिवाय ते धरून ठेवायला एक माणूस लागतो.

आता वजनाचे गणित. हाताने चालवायच्या पाळण्याला काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलाचे वजन, लावतात आणि ते चांगलेच आहे. दोन माणसांना नुसता हातभार लावावा लागतो, हालचाल मऊ होते, मोटारीचा आवाज नसतो. पण काउंटरवेटचे गणित न समजता तो वापरणे धोक्याचे आहे. समजा पाळणा ४५ किलोचा, कलाकार ६८ किलोचा, पोशाख, मुकुट आणि गदा मिळून ९ किलो. एकूण १२२. काउंटरवेट ठेवायचा ११२ किलो, म्हणजे भरलेला पाळणा १० किलोंनी जड आणि आपोआप खाली बसलेला. ओढणाऱ्याला हे १० किलो आणि घर्षण एवढेच ओढावे लागते. इथपर्यंत सगळे ठीक.

पण कलाकार वर येऊन पाळण्यावरून उतरला की त्याच क्षणी पाळणा ४५ किलोचा राहतो आणि पलीकडे ११२ किलो लटकलेले असतात. ६७ किलोंचा फरक. पाळणा खिट्टीने अडकवलेला नसेल तर तो वरच्या थांब्यावर आदळतो. कलाकाराचा एक पाय अजून त्याच्यावर असेल तर तो फेकला जातो. खाली उलट प्रकार. कलाकार बसण्याआधी रिकामा पाळणा वर झेपावू पाहत असतो, म्हणून तिथेही खिट्टी हवीच. आणि बदली कलाकार? मूळ नट आजारी, त्याच्या जागी ५५ किलोचा मुलगा आला, काउंटरवेट तोच राहिला. ४५ अधिक ५५ अधिक ९, म्हणजे १०९. आता पलीकडचे ११२ जड झाले. खिट्टी काढताच पाळणा आपणहून वर सरकू पाहतो, क्यू, म्हणजे हालचालीचा इशारा, असो वा नसो. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी, पूर्ण पोशाखात, कलाकाराला वजनकाट्यावर उभे करा. आकडा काउंटरवेटच्या चौकटीवर खडूने लिहा आणि त्याखाली लोखंडी ठोकळे किती ते लिहा. वाळूच्या पिशव्या काउंटरवेटसाठी वापरू नका. त्या गळतात, ओल धरतात, कालचे वजन आज राहत नाही. ठोकळे वरून पट्टी आवळून जखडलेले आणि काउंटरवेटची पूर्ण वाट जाळीने बंद. त्याच्याखाली चहाचा थर्मासही ठेवायचा नाही, माणूस तर दूरच.

लंडनच्या एकोणिसाव्या शतकातल्या नाट्यगृहांत ‘स्टार ट्रॅप’ नावाचा प्रकार होता. चामड्याच्या बिजागऱ्यांवर बसवलेल्या त्रिकोणी पाकळ्यांचे झाकण आणि खालून काउंटरवेटच्या जोरावर नट गोळीसारखा वर यायचा. पाकळ्या त्याच्या डोक्याने उघडायच्या. नट आणि खालची माणसे यांचे टायमिंग जरा चुकले की दुखापत. त्या काळच्या प्रेक्षकांना तो वेग हवा होता. आपल्या पौराणिक नाटकाला तो मुळीच नको. १२० सेंटीमीटरचा प्रवास ८ ते १० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला १२ ते १५ सेंटीमीटर, हा वेग डोळ्यांनाही गोड लागतो. आधी मुकुट, मग कपाळ, मग डोळे, आणि संगीताला वर चढायला अवसर. कोणी ‘धाडकन वर आणा’ म्हणाले तर ते काम प्रकाशयोजनेला द्या. पाळणा अंधारात सावकाश वर आणायचा आणि झगमगाट एकदम. प्रेक्षकांना तेच धाडकन वाटते.

यंत्राने उचलायचे असेल तर सर्वांत आधी एक गोष्ट बंद करा : माल उचलायच्या चेन ब्लॉकवर माणूस चढवणे. बहुतेक कंपन्या त्याच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात की हे माणसे उचलण्यासाठी नाही. ‘एक टनाचा आहे, माणूस तर ७० किलोचाच’ हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. ताकदीचा प्रश्नच नाही. अशा यंत्रात साधारणपणे एकच ब्रेक असतो. तो घसरला की मालाची पेटी खाली पडते आणि लोक तिच्यापासून दूर उभे असतात. इथे पेटीच्या जागी कलाकार आहे. माणूस उचलणाऱ्या मोटारीला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत आणि दोन्ही वीज गेली की आपोआप लागणारे. नाट्यगृहात वीज जाते, जनरेटर सुरू व्हायला काही क्षण लागतात, त्या क्षणांत पाळणा जागच्या जागी थांबला पाहिजे आणि मग हाताने खाली आणता आला पाहिजे. हाताने खाली आणायचे हँडल कुठे लटकवले आहे ते किमान दोघांना माहीत हवे.

हायड्रॉलिक कात्री-टेबल, म्हणजे तेलाच्या दाबाने कात्रीसारख्या पायांवर वर जाणारे टेबल, घ्यायचे असेल तर त्याच्या नळीच्या तोंडाशी, सिलिंडरवरच, नळी फुटली तर तेल अडवणारा व्हाल्व्ह आहे की नाही ते आधी बघा. शिवाय हायड्रॉलिक टेबल वर उचलून ठेवले तर हळूहळू बसते. अर्ध्या तासाच्या प्रवेशात २-३ सेंटीमीटर खाली गेले तर त्या कडेला ठेच लागून दुसराच कोणी पडेल. वर पोहोचल्यावर खाली लोखंडी टेकू सरकवा आणि भार त्याच्यावर द्या. आणि कात्रीच्या चारही बाजूंना पडदा नको, जाळी हवी. पडद्याआडून हात सहज आत जातो.

वायररोपबद्दल थोडे थांबून लिहितो, कारण चूक इथे सर्वाधिक दिसते आणि डोळ्यांनी ओळखता येते. ६ मिलिमीटरचा पोलादी वायररोप तुटायला सुमारे २ टन लागतात. टोकाला यू-क्लिप लावून फास केला की त्यातली साधारण ८० टक्के ताकद उरते, म्हणजे १.६ टन. माणूस उचलताना १० पट राखीव ताकद धरावी. आपल्या १२२ किलोंना १२२० झाले. म्हणजे एक दोर पुरतो, तरीही दोन लावायचे, प्रत्येकजण एकट्याने भार पेलणारा. आता क्लिप हातात घेऊन बघा. तिचे दोन भाग असतात : एक खाचांचे खोगीर आणि एक यू आकाराचा बोल्ट. खोगीर भार घेणाऱ्या लांब दोरावर बसले पाहिजे आणि यू-बोल्ट परत वळवलेल्या आखूड टोकावर. उलटे लावले तर यू-बोल्ट भाराच्या दोरालाच चावतो आणि तारा तिथेच दबून तुटायला लागतात. तीनही क्लिपा एकाच बाजूच्या हव्यात. एक सुलट, एक उलट ही पद्धत देखणी वाटते आणि चुकीची आहे. दोन क्लिपांत ३५ ते ४० मिलिमीटर अंतर, फासात थिंबल (दोर दबू नये म्हणून आत बसवायची धातूची खोबण), आणि पहिल्यांदा भार दिल्यानंतर पुन्हा एकदा पाना फिरवायचा, कारण ताण आल्यावर दोर किंचित बारीक होतो आणि नट सैल पडतात. कप्पीचा व्यास दोराच्या किमान २० पट हवा, म्हणजे ६ मिलिमीटरला १२ सेंटीमीटर. विहिरीवरची किंवा पडद्याची चिमुकली कप्पी वापरली की दोर दर प्रयोगाला मोडल्यासारखा वाकतो आणि तारा तुटायला लागतात. तपासायला जुने सुती फडके घ्या, हातमोजा घाला, दोरावरून फडके हळू ओढा. जिथे धागा अडकेल तिथे तार तुटलेली आहे. कप्पीवरून वळणाऱ्या भागात तुटकी तार सापडली तर तो दोर पाळण्यावरून उतरवा आणि दुरुस्तीच्या भानगडीत न पडता त्याचे तुकडे करा, म्हणजे पुढच्या गावात कोणी तो पुन्हा बांधणार नाही.

पाळणा अडकतो तो बहुधा तिरका झाल्यामुळे. कलाकार मध्यापासून वीतभर बाजूला उभा राहिला की पाळणा कलतो आणि त्याची चाके गाइडच्या, म्हणजे त्याला सरळ वाटेत ठेवणाऱ्या, खांबात चावतात. ओढणारे जोर लावतात, पाळणा हिसका देऊन सुटतो आणि कलाकाराचा तोल जातो. ९० सेंटीमीटर रुंद पाळण्याच्या चौकटीला वरची आणि खालची गाइड-चाके एकमेकांपासून निदान तेवढ्याच, शक्यतो १२० सेंटीमीटर अंतरावर हवीत. आपल्याकडे उंची वाचवायला ती ३० सेंटीमीटरवर आणतात. मग कितीही ग्रीस लावले तरी पाळणा चावणारच. चौकट मजल्याच्या वर दिसू द्यायची नसेल तर गाइडची चौकट पाळण्याच्या खाली लोंबती घ्या आणि तेवढ्यासाठी लेव्हलची उंची वाढवा.

एवढे करून वर येणारा कलाकार सुखरूप राहिला, तरी बाकीच्यांचे काय? पाळणा खाली असताना मजल्यावर एक उघडी विहीर असते. ब्लॅकआउटमध्ये समूहातली मुले तिच्या बाजूने पळत विंगेत जातात. झाकण ‘पुढच्या एन्ट्रीला सोपे पडेल’ म्हणून लवकर उघडून ठेवायचे नाही. झाकण उघडण्याचा क्यू पाळण्याच्या क्यूला चिकटलेला असावा आणि त्या वेळी ट्रॅपच्या सर्व बाजूंनी किमान दीड मीटरमध्ये कोणी नसेल असे ब्लॉकिंग, म्हणजे पात्रांच्या हालचालींची आखणी, दिग्दर्शकाने करावे. कडेला अंधारात चमकणारी पट्टी लावा. प्रेक्षकांना ती दिसत नाही, वरच्या माणसाला दिसते. नृत्य असेल तर नृत्यदिग्दर्शकाला झाकणाची जागा पहिल्या तालमीपासून जमिनीवर आखून द्या.

आणि धूर. इथे आमचा सूर जरा कडक होणार आहे. कोरड्या बर्फाचा धूर सुंदर दिसतो, जमिनीलगत पसरतो, म्हणून तो हवा असतो. तो जमिनीलगत पसरतो याचे कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. मग तो सर्वांत आधी कुठे उतरेल? उघड्या ट्रॅपमध्ये, जिथे कलाकार वाकून बसलेला आहे आणि दोघे दोर धरून उभे आहेत. १ किलो कोरड्या बर्फापासून अर्ध्या घनमीटरहून थोडा जास्त वायू होतो. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच अशा लेव्हलखालच्या जागेत सुमारे ११ घनमीटर हवा मावते. ५ किलो बर्फाचा वायू तिथेच साठला तर त्या हवेचा चौथा हिस्सा होतो. निम्मा प्रेक्षागृहात वाहून गेला असे धरले तरी प्रमाण १० टक्क्यांपुढे राहते, आणि त्या प्रमाणात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. आधी डोके जड होते, श्वास जोरात चालतो, आणि नाटकाच्या धांदलीत तो माणूस समजतो की आपण घाबरलोय. म्हणून ट्रॅपखाली माणूस असताना कोरडा बर्फ त्या बाजूला सोडायचा नाही. सोडायचाच असेल तर खालून मागच्या दिशेने हवा ओढणारा पंखा हवा आणि खालच्या माणसांवर नजर ठेवायला बाहेर एक माणूस हवा. खाली कोणी कोसळले तर दुसऱ्याने तसेच आत उडी मारू नये, आधी हवा मोकळी करावी. द्रव तापवून धूर करणाऱ्या यंत्राचा हा धोका नाही, पण त्याचा चिकट थर पाळण्यावर बसून पाय घसरतो. दोन प्रयोगांमध्ये पाळणा कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

वरून दोराने उचलण्याबद्दल थोडक्यात, कारण त्याला आमचे उत्तरही थोडक्यात आहे : नाट्यगृहाच्या दिव्यांच्या किंवा पडद्याच्या बारला माणूस टांगायचा नाही. तो बार पसरलेल्या, न हलणाऱ्या भारासाठी असतो. एका बिंदूवर हिसके देणारा माणूस त्याच्या हिशेबात नाही, आणि वरच्या तुळया कशा आहेत हे व्यवस्थापनाकडच्या नकाशाशिवाय कोणालाच ठाऊक नसते. हवेत पात्र उडवण्याची विद्या फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक रंगभूमीवर देव क्रेनने उतरवत, आणि १९०४ साली लंडनमध्ये उडणाऱ्या मुलाचे नाटक आले ते खास उड्डाणयंत्रणा बनवणाऱ्या तज्ज्ञांना घेऊनच. आजही ते काम त्यातल्या तज्ज्ञानेच करावे. पूर्ण अंगाला आवळलेल्या पट्ट्यांचा हार्नेस, दोन स्वतंत्र टांगण्या, पेच फिरवून बंद होणारे हूक. झटक्यात सुटणारा हूक कधीही नको. अमेरिकेत कॅन्सस सिटीला २३ मे १९९९ रोजी ओवेन हार्ट हे नामवंत कुस्तीगीर छताकडून खाली उतरवले जात असताना असाच चटकन सुटणारा हूक उघडला आणि ते सुमारे ७८ फुटांवरून कोसळले. खाली आल्यावर लवकर मोकळे होता यावे, एवढ्याचसाठी तो हूक लावला होता. आणि हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठते, काही मिनिटांत भोवळ येते. यंत्र बिघडले तर त्याला ५ मिनिटांच्या आत खाली कसे आणायचे, हे शिडी प्रत्यक्ष लावून तालमीत करून पाहिलेले हवे.

क्यू कोणी द्यायचा? एकाच माणसाने, रंगमंच व्यवस्थापकाने. थांबवायचे कोणी? कोणीही. ‘थांबा’ हा शब्द खालच्या चहावाल्या पोराने उच्चारला तरी पाळणा थांबला पाहिजे, चौकशी नंतर. संगीताच्या दणक्यात तोंडी क्यू ऐकू जात नाही, मोबाइलवर तर विसंबूच नये. लाल-हिरवा दिवा लावा. कलाकाराच्या हाताशी दाबून धरायचे एक बटण द्या. बटण दाबलेले आहे याचा अर्थ कलाकार जागेवर आहे, कपडे आत आहेत आणि तो तयार आहे. बटण सुटले की पाळणा थांबतो. वर पोहोचल्यावर दोन्ही खिट्ट्या बसल्या की नेपथ्यात लपवलेला छोटा हिरवा दिवा त्याला दिसतो, आणि तो दिवा दिसेपर्यंत कलाकाराने पाऊल उचलायचे नाही, मग संवाद कितीही लांबो. खाली जाताना, सीता भूमीत जाते त्या प्रसंगात, हेच सगळे जास्त काटेकोर हवे. वर येताना काठ नजरेसमोर असतो, खाली जाताना लुगड्याचा घोळ मागे कडेवर राहतो आणि तो मागून ओढला जातो.

आता नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांना. आपल्याकडे दुपारचा प्रयोग संपला की रात्रीच्या नाटकाचा ट्रक दाराशी उभा असतो. नेपथ्य, प्रकाश, ध्वनी सगळे दोन-अडीच तासांत उभे करायचे. त्या गर्दीत पाळण्याची चाचणी शेवटी राहते आणि शेवटची गोष्ट गळते. चाचणीला प्रत्यक्षात ४५ मिनिटे पुरतात. बोल्ट आणि क्लिपा पाहणे १० मिनिटे. मग माणसाऐवजी वजन ठेवून पाळणा वरखाली करणे : कलाकार आणि पोशाख मिळून ७७ किलो असतील तर दीडपट म्हणजे सुमारे ११५, सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोणी आणि १५ किलोंची एक पिशवी. हाताच्या पाळण्याला काउंटरवेटही त्याच प्रमाणात वाढवायचा, आणि चाचणी संपली की खडूने लिहिलेल्या आकड्यावर परत आणून पुन्हा मोजायचा. भार वर नेऊन १० मिनिटे तसाच ठेवायचा. मजल्यावरची खूण सरकली का, कुठे कुरकुरले का, पाहायचे. मग कलाकार पोशाखाशिवाय एकदा, पोशाखात दोनदा. या वेळात रंगमंचावर दुसरे कोणतेही काम नको, कारण वर कोणी दिवे फोकस करत असेल तर कुरकुर ऐकूच येत नाही. अशा नाटकाला सत्राच्या आधीचा एक तास जादा भाडे न लावता द्यावा, ही आमची स्पष्ट मागणी आहे. शिवाय रंगमंचाखालची जागा रिकामी ठेवा आणि फळी दर चौरस मीटरला किती भार पेलते त्याची पाटी विंगेत लावा. पाळणा ट्रकमधून उतरतो तेव्हा आम्हाला तो आकडा हवा असतो आणि तो विचारायला कोणी भेटत नाही.

कायद्याची बाजूही पाहा. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार कारखान्यातली लिफ्ट दर ६ महिन्यांनी आणि माल उचलायचे साखळदंड-दोर दर १२ महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावे लागत. ब्रिटनमध्ये १९९८ पासून माणसे उचलणाऱ्या कोणत्याही साधनाला ६ महिन्यांची तपासणी बंधनकारक आहे, आणि त्यातून नाट्यगृह सुटत नाही. युरोपने तर रंगमंचावरच्या यंत्रांसाठी २०२० मध्ये वेगळे मानकच काढले. पोत्यांना मिळते तेवढी काळजी नटाला मिळावी यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. निर्मात्याने वर्षातून दोनदा एखाद्या यांत्रिकी अभियंत्याकडून पाळणा तपासून त्याची सही घ्यावी, व्यवस्थापकाने तारीख देताना त्या कागदाची प्रत मागावी. स्पर्धांच्या संयोजकांनी तर प्रवेशिकेतच विचारावे : पात्र उचलण्याची यंत्रणा आहे का, भार किती, चालवणार कोण. महाविद्यालयीन मुलांची कल्पकता अफाट असते आणि त्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही नसतात. त्यांना ‘नको’ म्हणण्याऐवजी केंद्रावर एक जाणता माणूस ठेवा, तो त्यांची क्लिप सुलट करून देईल.

निर्मात्यांना आणखी एक विनंती. असा प्रसंग असलेल्या प्रत्येक नाटकाचा पाळण्याविना करायचा पर्यायही बसवून ठेवा. देवी विंगेतून धुरातून चालत येते, राजा मागचा पडदा फाकून दिसतो, प्रकाशाचा आणि संगीताचा क्यू तोच. तो पर्याय रंगीत तालमीत किमान एकदा पूर्ण करा आणि दर महिन्याला उजळणी घ्या. हा पर्याय नसेल तर पाळण्याला ‘नाही’ म्हणणे म्हणजे प्रयोगालाच ‘नाही’ म्हणणे ठरते, आणि हाउसफुल्लची पाटी लागलेली असताना ते म्हणायची छाती कोणत्याही रंगमंच व्यवस्थापकाला होणार नाही. पर्याय तयार असेल तर तो तिसऱ्या घंटेच्या आधी फक्त ‘आज चालत’ असे सांगेल आणि सगळ्यांना कळेल.

ज्याच्याकडे पाळण्याची जबाबदारी आहे त्याचे नाव प्रयोगाच्या पत्रकावर छापा. प्रकाशयोजनाकाराचे, रंगभूषाकाराचे छापता तसेच. प्रयोगाआधी त्याने सही केलेली चिठ्ठी रंगमंच व्यवस्थापकाच्या हाती आल्याखेरीज तिसरी घंटा देऊ नये, एवढा एक नियम येत्या हंगामापासून सुरू करावा.

आपले,
नाटकाच्या पडद्यामागे यंत्रणा उभारणारे आणि चालवणारे आम्ही तंत्रज्ञ